मंडईत आपली जागा

(वर्षावासानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



वकिलाला भाषणास बोलाविले म्हणजे त्याने राज्यघटनेवर बोलावे अशी अपेक्षा असते. मीही घटनेवरच बोलणार आहे. परंतु जेथे ती रोज सकाळी तागडीत पडते, तेथे आज मी आपणांस घेऊन जाणार आहे. ते ठिकाण म्हणजे पुण्याची मंडई आणि तिच्या सभोवारचा बाजार. शुक्रवार पेठ, बुधवार पेठ, रविवार पेठ, तुळशीबाग, बोहरी आळी, बुरूड आळी ही नावे आपणांस नवी नाहीत. घरात लग्न निघाले की भांडी तुळशीबागेतून येतात आणि टोपल्या-सुपे बुरूड आळीतून. दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकणार नाहीत अशा त्या गल्ल्यांतून डोक्यावर ओझे घेऊन आपल्या आया-बहिणी वर्षानुवर्षे वाट काढीत आल्या आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की, तेथे आपण विकत घेण्यासाठी जातो, पण विकण्यासाठी आपल्यापैकी कितीजण बसतो?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी त्या इमारतीची हकीकत सांगणे मला आवश्यक वाटते. कारण ती हकीकत आपल्या चळवळीशी जितकी निगडित आहे, तितकी ती आपल्याला ठाऊक नाही.

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढील पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने त्यासाठी शुक्रवार पेठेत दगडी इमारत बांधण्याचे ठरविले. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून निघालेल्या लांब पडव्या अशी तिची रचना आहे. १८८६ साली ती खुली झाली आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. पुण्यातील वृद्ध माणसांच्या तोंडी 'रे मार्केट' हे नाव बराच काळ होते.

ही इमारत बांधावी किंवा नाही याची चर्चा नगरपालिकेत झाली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. त्यांचे म्हणणे असे की, एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा. जोतीरावांचा विरोध भाजीला नव्हता. ज्या घराण्याला फुलांच्या व्यवसायावरून आडनाव पडले, त्या घराण्यातील हा पुरुष बाजाराचा शत्रू कसा असेल? शिवाय ते स्वतः व्यापारी होते. पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनीच्या द्वारे त्यांनी मोठमोठी सरकारी कामे घेतली होती. पैसा कसा मिळतो आणि कसा मुरतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव नगरपालिकेपुढे आला, तेव्हा विरुद्ध मत देणारे तेच एकटे होते. त्याच साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेस लिहिले. सार्वजनिक पैसा कोणासाठी, हा त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

मंडई मात्र झाली. आता पुढची गोष्ट ऐकावी. १९२४ साली मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा उभारण्यात आला. त्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले. दुसऱ्याच वर्षी नगरपालिकेचे सभासद केशवराव जेधे यांनी जोतीराव फुले यांचाही पुतळा पुण्यात उभारावा असा ठराव मांडला. नगरपालिकेने तो फेटाळला. त्यानंतर उसळलेल्या वादात दिनकरराव जवळकर यांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. त्यातील टीकेवरून जवळकर, जेधे आणि त्यांचे सहकारी यांच्यावर बदनामीची फिर्याद झाली. खालच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले. अपिलात त्यांच्या वतीने पुण्याच्या सेशन्स न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. १९२६ साली आरोपींची सुटका झाली. वकिली सुरू करून बाबासाहेबांना तेव्हा पुरती चार वर्षेही झाली नव्हती.

कायद्याच्या महाविद्यालयात असताना मी कित्येक वेळा मंडईवरून गेलो असेन, परंतु ही हकीकत मला कोणत्याही वर्गात कळली नाही. ती मला फार उशिरा, वकिलीचा अंगरखा चढविल्यानंतर, धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथांतून कळली. एका नगरपालिकेच्या एका ठरावावरून निघालेला तंटा, आणि त्यात बाबासाहेबांची वकिली! आपण महाडचे तळे आणि नाशिकचे मंदिर आठवतो. पुण्याच्या बाजारपेठेवरूनही एक लढाई झाली, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

१९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत होते. त्यांच्या पुढाकाराने 'रे मार्केट'चे नाव बदलून 'महात्मा फुले मंडई' झाले. जी बांधू नये असे ज्यांनी सांगितले, त्यांचेच नाव तिला लागले. मुंबईतही असेच घडले. तेथील क्रॉफर्ड मार्केट आज महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या भुयारी रेल्वेचे स्थानक मंडईच्या पोटाखाली सुरू झाले.

नाव लागले, त्याचा आनंद मला आहेच. परंतु दारावर लागलेले नाव एक आणि आतल्या ओट्यावर बसलेला माणूस दुसरा. या दोहोंची गल्लत आपण फार वेळा करतो.

जुन्या पुण्याच्या गल्ल्यांची नावे नीट वाचा. बुरूड आळी, तांबट आळी, बोहरी आळी, कुंभारवाडा. ज्याचा धंदा त्याची आळी, आणि ज्याची आळी त्याची जात. जातीने त्या लोकांनाही जखडून ठेवले होते, यात शंका नाही. बुरुडाच्या हातातील बांबू त्याने खाली ठेवू नये अशीच ती व्यवस्था होती. तथापि त्याला बाजारात बसण्याची एक जागा होती. आमच्या वाडवडिलांना तीही नव्हती. महाराची कमाई खळ्यावर बलुत्याच्या रूपाने मिळायची. ती मागून घ्यावी लागे, मोजून घेता येत नसे. भाव करणे हा शब्दच त्या व्यवहारात नव्हता. शहराच्या बाजाराशी त्याचा संबंध यायचा तो गवताचा भारा किंवा सरपणाची मोळी विकण्यापुरता, आणि तोही दूर उभे राहून. पेशवाईत याच शहरात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नमूद केले आहे. ज्याची थुंकी जमिनीवर पडलेली चालत नाही, त्याच्या हातची भाजी कोण विकत घेणार?

यासाठीच बाबासाहेब १९२८ पासून महार वतनाच्या मागे लागले होते. ती वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा ते हयात नव्हते. बलुते सुटले. म्हणजे रोख पैशाच्या जगात आपण आलो. रोख पैशाच्या जगाचे प्रवेशद्वार म्हणजे बाजार, आणि त्या दारावर आता कायदा उभा आहे. तो काय म्हणतो ते आता पाहू.

प्रथम खरेदी करणाऱ्याचा हक्क घेऊ. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांची नावे आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणासही मज्जाव करता येणार नाही. या यादीत 'दुकान' हा शब्द आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या शब्दावर प्रश्न विचारले गेले. न्हाव्याचे दुकान त्यात येते काय, धोब्याचे काय, असा त्यांचा रोख होता. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते थोडक्यात असे की, दुकान म्हणजे केवळ आत शिरण्याची परवानगी नव्हे. जो कोणी आपली सेवा मोबदला घेऊन लोकांना देऊ करतो, त्याची सेवा त्याच्याच अटींवर मागण्याचा हक्क या शब्दात आहे. हा अर्थ किती दूरचा ठरला पहा. त्रेसष्ट वर्षांनी, २०११ साली, सर्वोच्च न्यायालयाने एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशासंबंधीच्या खटल्यात याच भाषणाचा आधार घेतला आणि खाजगी शिक्षणसंस्थाही त्या शब्दाच्या कक्षेत येतात असे म्हटले. दुकानाच्या उंबरठ्यावर ठेवलेला एक शब्द महाविद्यालयापर्यंत जाऊन पोचला.

१९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याचे नाव १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले, त्याचे सहावे कलम साध्या भाषेत सांगतो. इतर गिऱ्हाइकांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर माल विकला जातो, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर अस्पृश्यतेच्या कारणाने माल नाकारणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि शिवाय दंड. अस्पृश्यतेचे कारण होते हे सिद्ध कसे करावयाचे, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर बाराव्या कलमात आहे. कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखविण्याचे ओझे आरोपीवर असते. हे बारावे कलम आपल्या लोकांना तर नाहीच, पुष्कळशा तरुण वकिलांनाही तोंडपाठ नसते.

आता विकणाऱ्याचा हक्क. त्याच कायद्याचे चौथे कलम आपण अर्धेच वाचतो. पाणवठे, हॉटेले, धर्मशाळा एवढे वाचून आपण थांबतो. त्याच कलमात पुढे धंदा, व्यवसाय, व्यापार करण्यास आडकाठी आणणे हाही गुन्हा सांगितला आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट गुन्हा केला. आणि घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकास दिलेलेच आहे. १९८९ साली सोदान सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, रस्त्याच्या कडेला बसून माल विकणे हाही या स्वातंत्र्याचाच भाग होय. त्यावर वाजवी नियंत्रणे असू शकतील, पण तो हक्क नाही असे म्हणता येणार नाही.

मग अडचण कोठे आहे? इतके कायदे पाठीशी असता बाजारात आपली माणसे थोडी का?

माझे उत्तर काहींना रुचणार नाही. बाजाराचा कायदा हा, बहुतांशी, आधीच बसलेल्या माणसाचे रक्षण करणारा कायदा आहे. उभ्या असलेल्याला तो जागा देत नाही.

उदाहरणादाखल भाड्याचा कायदा घ्या. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० हा दिवस प्रमाण धरला. त्या दिवशी दुकानाचे जे भाडे होते, ते प्रमाण भाडे. ठराविक कारणांवाचून भाडेकरूस काढता येत नसे. युद्धोत्तर काळात गरीब भाडेकरूंना या कायद्याने रस्त्यावर येण्यापासून वाचविले, हे मी मान्य करतो. चाळीतल्या आपल्या माणसांनाही त्याचा आधार मिळाला. कायदा जात पाहत नव्हता. परंतु त्याने जो दिवस निवडला, त्या दिवशी रविवार पेठेतील आणि बुधवार पेठेतील दुकानांत कोण बसले होते? आपले आजे-पणजे त्या दिवशी गावकीच्या कामावर होते, गिरणीत होते, रेल्वेत होते, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, पलटणीत होते. दुकानाच्या गादीवर नव्हते. जो बसला होता त्याची गादी भाड्यासह गोठली आणि वारसाने पुढे चालली. जागा सोडावयाची झाली तर ती पगडी घेऊन सोडली जाई. पगडी घेणे त्या कायद्याने गुन्हा होते. म्हणून ती चोरून दिली-घेतली जाई, आणि चोरून व्यवहार करावयाचा तर माणूस ओळखीचा, नात्याचा, जातीचा लागतो. जाहिरात देऊन पगडी कोण घेणार?

अशा रीतीने कोणीही दुष्ट हेतू न धरता बाजाराचे दार लागून राहिले. मालक-भाडेकरूंचे हजारो खटले न्यायालयांत चालले. आपला माणूस त्यांपैकी कोणत्याच बाजूस नव्हता. भाडे गोठविणे आता अवाजवी झाले आहे असे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या छप्पन्नाव्या कलमाने पगडी उघडपणे घेण्यास मुभा दिली. दार उघडले खरे, पण आता त्यास पैसा लागतो.

ताब्याचे बळ किती असते याचा पुरावा मंडईपासून हाकेच्या अंतरावर होता. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली. त्या वाड्यात पुढे दुकाने होती. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी कित्येक वर्षांची. परंतु दुकानदारांनी आपला ताबा न्यायालयात लढविला आणि तो प्रश्न वर्षानुवर्षे तेथेच राहिला. २०२३ साली उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय येथे निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा उतरविण्यात आला. मी त्या दुकानदारांना दोष देत नाही. उपजीविकेची जागा कोणी सुखासुखी सोडत नाही, आणि न्यायालयात जाणे हा त्यांचा अधिकार होता. मी आपले लक्ष एवढ्याकडेच वेधतो की, भाडेपावती हातात असलेला माणूस इतकी वर्षे उभा राहू शकतो.

म्हणून माझे आपणांस सांगणे आहे की, जेथे कोठे आपण बसलो आहोत तेथे आपले बसणे कागदावर आणा.

ज्यांनी एखादा छोटा गाळा भाड्याने घेतला आहे, त्यांनी १९९९ च्या कायद्याचे पंचावन्नावे कलम लक्षात ठेवावे. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती पार पाडली नाही, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी घेणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालक म्हणतो, "आपल्यात कागद कशाला, विश्वास आहे ना?" त्याला नम्रपणे सांगावे की विश्वास आहे म्हणूनच कागद करू. मनपाच्या मंडईतील गाळ्याची गोष्ट निराळी आहे. तेथे परवान्यावाचून माल विकता येत नाही, आणि परवाना म्हणजे भाडेकरार नव्हे. दुसऱ्याच्या परवान्यावर तोंडी पोटभाडे देऊन बसणाऱ्याच्या हातात काहीही नसते. आपली पुष्कळ मुले अशी बसलेली मी पाहिली आहेत. दहा वर्षे राबतात, गिऱ्हाईक जोडतात, आणि एके दिवशी मूळ परवानाधारकाचा पुतण्या येऊन म्हणतो, उद्यापासून मी बसतो.

बहुसंख्य माणसांची जागा मात्र गाळ्यात नाही. ती पथारीवर आहे, हातगाडीवर आहे. त्यांच्यासाठी २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला. तो मी आपणांस थोडा विस्ताराने सांगतो, कारण या विषयावर आपल्या वस्तीत जितक्या अफवा आहेत तितकी माहिती नाही.

पाच वर्षांतून निदान एकदा शहरातील सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण झाले पाहिजे. सर्वेक्षणात ज्याची नोंद झाली त्याला विक्री प्रमाणपत्र मिळावयाचे. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणास उठविता येत नाही. स्थलांतर करावयाचे तर तीस दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्यास द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत करावा लागतो. अर्थात ठरलेला दंड भरून. भाजी परत मिळाली तेव्हा ती सडलेली होती, असे सांगणाऱ्या बाया मला नेहमी भेटतात. त्यांनी यादी मागितली नव्हती. विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत पती, पत्नी किंवा अवलंबून असलेले मूल ती जागा चालवू शकते. जागा भाड्याने मात्र देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. नाही तर पदपथावरही पगडी सुरू होईल.

कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक वाक्य आहे, त्यावर मी बोट ठेवतो. जेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालत आली आहे असा नैसर्गिक बाजार हा वारसा बाजार म्हणून जाहीर व्हावा आणि तेथील विक्रेत्यांस हलवू नये, असे तेथे म्हटले आहे. जुन्या पेठांतील रस्त्यांना हे वाक्य किती लागू पडते, ते मी सांगावयास नको. आजवर 'वारसा' म्हटले की आपल्याला वाडे आणि देवळे दाखविली जात. पथारीलाही वारसा म्हणणारे हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते.

या सर्व गोष्टी ठरविते ती नगर पथविक्रेता समिती. तिचे अध्यक्ष मनपाचे आयुक्त असतात. सभासदांपैकी निदान चाळीस टक्के विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावयास हवेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व. आपली माणसे विधानसभेच्या निवडणुकीवर रात्र रात्र वाद घालतात. या समितीच्या निवडणुकीत आपल्या वस्तीतून कोणी उभे होते काय, हे मी जेथे जातो तेथे विचारतो. उत्तर देणारा अद्याप मला भेटावयाचा आहे.

प्रमाणपत्र देण्याच्या योजनेत अनुसूचित जातींना प्राधान्य ठेवता येते असे सातव्या कलमात आहे. येथे आपल्या धर्मांतराचा प्रश्न येतो. नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे मला विचारतात की, बौद्ध झाल्यावर हा लाभ राहतो काय. राहतो. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. अर्जात धर्म बौद्ध असा अभिमानाने लिहा. जातीचा रकाना मात्र आपल्या प्रमाणपत्रात जे आहे त्याप्रमाणेच, अक्षर न अक्षर, भरा. "ती जात आम्ही सोडली, ती पुन्हा का लिहावी?" असा प्रश्न तरुण विचारतात, आणि त्यांचा संताप मला कळतो. पण तो रकाना आपल्या मनाचा आरसा नव्हे. झालेल्या अन्यायाच्या हिशेबाची ती नोंद आहे, आणि हिशेब चुकता होण्यापूर्वी वहीतून आपले पान आपणच फाडण्यात काही शहाणपण नाही.

आता एका प्रकरणाची गोष्ट सांगतो. पुण्याबाहेरच्या एका शहरातील एक वृद्ध बाई रस्त्यावर केळी विकत असत. सर्वेक्षणाच्या दिवशी त्या भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. शेजारच्या पथारीवाल्यांना क्रमांक मिळाले, यांना मिळाला नाही. पुढे कारवाई झाली तेव्हा यांचीच हातगाडी उचलली गेली. त्या माझ्याकडे आल्या. मी विचारले, आपण तेथे बसता याचा पुरावा काय? पुरावा काही नाही, साहेब, असे त्या म्हणाल्या. परवाना नाही, भाडेपावती नाही. मग त्यांनी पत्र्याची एक डबी उघडली. तिच्यात दंडाच्या पावत्या होत्या. वेळोवेळी झालेल्या दंडाच्या, अकरा वर्षांच्या, घड्या घालून दोऱ्याने बांधलेल्या. वाचता येत नव्हते. सरकारी कागद फेकू नये एवढेच त्यांना माहीत होते. प्रत्येक पावतीवर नाव, तारीख आणि रस्त्याचे नाव होते. अकरा वर्षे ही बाई याच रस्त्यावर बसत आली आहे, हे ज्यांना नाकारावयाचे होते त्यांनीच ते लिहून दिले होते. त्या पावत्यांच्या आधारे दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात अर्ज करण्याच्या तरतुदीखाली आम्ही अर्ज दिला. चौदा महिने लागले. गाडी परत मिळाली तेव्हा तिचे एक चाक नव्हते, पण बाईंना क्रमांक मिळाला.

कायद्याची सीमाही मला सांगितली पाहिजे. दुकानदाराने गिऱ्हाइकास नाकारले तर कायदा त्याला धरतो. गिऱ्हाइकाने दुकानदाराकडे पाठ फिरविली तर कायदा काय करणार? कोणी कोणाकडून लोणचे विकत घ्यावे अशी सक्ती जगातील कोणतेही न्यायालय करू शकत नाही. स्वतः बाबासाहेबांनी अमेरिका-इंग्लंडहून परत आल्यावर मुंबईत रोखे व भाग यांविषयी व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो बंद करावा लागला. तेथे ज्ञान कमी पडले नव्हते. आजही दुकानाच्या पाटीवर आडनाव घालावे की न घालावे, याचा विचार आपल्या मुलाला करावा लागतो, शेजारच्या दुकानदाराला करावा लागत नाही. माझा स्वतःचा कल असा आहे की, पाटीवर नाव घालावे, भाव ठळक लिहावा आणि माप चोख ठेवावे. मंडईतले गिऱ्हाईक दोन रुपयांच्या फरकासाठी तीन ओटे फिरते. चार दिवसांनी ते पाटी वाचणे सोडून देते. सर्वच गिऱ्हाइके सोडतील असे मात्र मी म्हणणार नाही.

भगवान बुद्धाचे पहिले दोन उपासक, तपुस्स आणि भल्लिक, हे वाटसरू व्यापारी होते, हेही या ओघात सांगून ठेवतो. त्याच धम्माने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असेही सांगितले. व्यापार करू नये असे मात्र कोठेही सांगितलेले नाही. आपल्या काही वस्त्यांत नोकरी मिळाली नाही म्हणजे मुलगा 'रिकामा' समजला जातो, आणि हातगाडी लावली तर घरचे लोक ते शेजाऱ्यांपासून लपवितात. सरकारी नोकरीने आपल्या एका पिढीला वर काढले, हे खरे. परंतु त्या नोकऱ्या आता पूर्वीप्रमाणे निघत नाहीत, आणि वाट पाहण्यात मुलांचे तिसावे वर्ष उलटते आहे.

वेळ झाली आहे, तरी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. येत्या रविवारी सकाळी दहापासून मी याच विहारात बसणार आहे. ज्यांची पथारी, हातगाडी किंवा गाळा आहे त्यांनी आपले कागद घेऊन यावे. सर्वेक्षणाचा क्रमांक असेल तर तो, जात प्रमाणपत्र, शिधापत्रिका, करारनामा असल्यास करारनामा. यांपैकी काहीच नसेल तर दंडाच्या, जप्तीच्या, वजनमापे तपासल्याच्या, वीजबिलाच्या ज्या काही जुन्या पावत्या घरात असतील त्या आणाव्यात. फाटल्या असल्या तरी चालतील. ज्या बायांना लिहिता येत नाही त्यांनी संकोच करू नये. कायद्याच्या महाविद्यालयातील दोन मुली अर्ज लिहिण्यास येणार आहेत.